अंड्याचे वावडे आणि ‘नैसर्गिक सहिष्णुता’ : एका संकल्पनेची चिकित्सा

अंड्याचे वावडे हे मुख्यतः बालवयातील वावडे असून बहुसंख्य मुलांत ते वयोमानाने आपोआप नाहीसे होते, असे विधान बालरोगविषयक ग्रंथांतून वारंवार आढळते. हे विधान खोटे नाही. तथापि ‘बहुसंख्य’ म्हणजे किती, ‘वयोमानाने’ म्हणजे केव्हा आणि ‘नाहीसे होते’ म्हणजे शरीरात नेमके काय घडते, असे तीन प्रश्न उपस्थित केले की त्याचा सुबोधपणा मावळतो. या घटनेला शास्त्रीय वाङ्‌मयात ‘नैसर्गिक सहिष्णुता’ असे नाव मिळाले आहे. एखाद्या घटनेला नाव मिळाले म्हणजे तिचे स्पष्टीकरणही मिळाले, असा समज शास्त्रातही सहज रूढ होतो. गेल्या दोन-तीन दशकांतील प्रमुख संशोधनाची छाननी करून या संज्ञेखाली कोणकोणत्या निरनिराळ्या अवस्था एकत्र आल्या आहेत, हे पाहणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

१. एकाच प्रश्नाची तीन उत्तरे

सहा वर्षांच्या वयापर्यंत किती मुलांचे अंड्याचे वावडे सुटते, हा साधा प्रश्न घेतला तरी उपलब्ध उत्तरांतील अंतर थक्क करणारे आहे. बाल्टिमोर येथील जॉन्स हॉपकिन्स संस्थेतील ८८१ रुग्णांच्या नोंदींवरून सॅव्हेज व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ मध्ये जो अंदाज प्रसिद्ध केला, त्यानुसार चौथ्या वर्षापर्यंत ४ टक्के, सहाव्यापर्यंत १२ टक्के, दहाव्यापर्यंत ३७ टक्के आणि सोळाव्यापर्यंत ६८ टक्के मुले वावड्यातून मुक्त होतात. अमेरिकेतील अनेक केंद्रांनी मिळून चालविलेल्या पाहणीत, ३ ते १५ महिने वयाला नोंदविलेल्या २१३ अर्भकांपैकी ४९.३ टक्क्यांचे वावडे सुटल्याचे सिशरर प्रभृतींनी २०१४ मध्ये दाखविले. तेथे सुटण्याचे मध्यक वय ७२ महिने होते. मेलबर्न येथील ‘हेल्थनट्स’ या लोकसंख्याधिष्ठित अभ्यासात मात्र सहाव्या वर्षापर्यंत ८९ टक्के मुले मुक्त झाल्याचे पीटर्स व सहकाऱ्यांनी २०२२ मध्ये नमूद केले. बारा, एकोणपन्नास आणि एकोणनव्वद, ही एकाच प्रश्नाची तीन उत्तरे होत.

मुलांचे शरीर बाल्टिमोरमध्ये एका नियमाने आणि मेलबर्नमध्ये दुसऱ्या नियमाने चालते, असे कोणी म्हणणार नाही. फरकाचे मूळ प्रथम नमुन्याच्या निवडीत शोधले पाहिजे. बाल्टिमोरची मुले तज्ज्ञांच्या रुग्णालयात पाठविली गेलेली होती. त्यांपैकी अनेकांना इसब, दमा अथवा इतर अन्नांचे वावडेही होते. सौम्य प्रकृतीची मुले अशा रुग्णालयाच्या दारापर्यंत पोहोचतच नाहीत. शिवाय केक-बिस्किटांतले अंडे पचणे तेथे पुरेसे मानले नव्हते. अंडे त्याच्या मूळ, संहत रूपात सोसले तरच वावडे सुटले असे धरले गेले. मेलबर्नमध्ये याउलट लसीकरणासाठी आलेल्या सर्वसाधारण अर्भकांमधून निवड झाली आणि वर्षाच्या आतबाहेर असलेल्या बालकांना कच्च्या अंड्याच्या पांढऱ्या बलकाने प्रत्यक्ष कसोटी लावण्यात आली. या अभ्यासाच्या २०११ मधील वृत्तानुसार २,८४८ अर्भकांत वावड्याचे प्रमाण ८.९ टक्के इतके मोठे निघाले. कच्च्या बलकाची कसोटी अत्यंत संवेदनशील असल्याने, घरात उकडलेले अंडे वा केक निर्धास्त खाऊ शकणारी कित्येक बालकेही ‘वावडे असलेली’ ठरली. ज्या जाळ्यात सौम्य प्रकरणे अधिक अडकतात, त्यातून सुटणाऱ्यांची संख्याही अधिक असणारच.

म्हणजे ‘किती मुले सुटतात’ या प्रश्नाचे उत्तर ‘कोणाला अडकलेले म्हटले’ यावर अवलंबून आहे. ही गोष्ट संशोधकांना अज्ञात नाही. त्यांच्या लेखांत ती मर्यादा म्हणून नोंदविलेली असते. परंतु आकडा एका लेखातून दुसऱ्यात आणि तेथून पाठ्यग्रंथात जाताना ती मर्यादा मागे पडते आणि आकडा तेवढा पुढे जातो.

२. प्रतिपिंडांचा पुरावा व त्याचे मोल

वावड्याची यंत्रणा स्थूलमानाने सुविदित आहे. १९६६-६७ च्या सुमारास इशिझाका दांपत्याने अमेरिकेत आणि योहानसन व बेनिक यांनी स्वीडनमध्ये ज्या प्रतिपिंडाचा शोध लावला, तो इम्युनोग्लोब्युलिन-ई, संक्षेपाने आयजीई, मास्ट पेशींच्या पृष्ठभागावर चिकटून राहतो. अंड्यातील प्रथिन पोटात जाऊन या प्रतिपिंडांशी जुळले की त्या पेशी हिस्टामिनादी द्रव्ये सोडतात; अंगावर गांधी उठतात, उलट्या होतात, श्वास कोंडतो आणि क्वचित प्राणावर बेतते.

पांढऱ्या बलकातील प्रथिनांत ओव्हाल्ब्युमिनचे प्रमाण निम्म्याहून अधिक, तर ओव्होम्युकॉइडचे सुमारे ११ टक्के आहे. दीर्घकाळ ओव्हाल्ब्युमिन हेच प्रमुख वावडेकारक द्रव्य मानले जात होते. १९९४ मध्ये बर्नहायझेल-ब्रॉडबेंट व सहकाऱ्यांनी असे दाखविले की, बाजारात ‘शुद्ध’ म्हणून मिळणाऱ्या ओव्हाल्ब्युमिनमध्ये ओव्होम्युकॉइडची भेसळ असते आणि पूर्वीच्या निष्कर्षांत या भेसळीचा वाटा मोठा होता. प्रयोगद्रव्याच्या शुद्धतेविषयीची बेफिकिरी एका संपूर्ण मताला कशी जन्म देते, याचे हे बोलके उदाहरण विद्यार्थ्यांनी ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

ओव्होम्युकॉइडची घडण गंधकबंधांनी घट्ट बांधलेली असल्यामुळे ते उष्णतेला दाद देत नाही. ओव्हाल्ब्युमिनची घडी मात्र भट्टीच्या आचेने उलगडते. यावरून एक आकर्षक उपपत्ती पुढे आली. ज्या मुलाचे आयजीई प्रथिनाच्या त्रिमितीय घडीला ओळखते, त्याचे वावडे घडी मोडताच निष्प्रभ होते व कालांतराने सुटते. ज्याचे आयजीई अमिनो आम्लांच्या सरळ साखळीतील तुकड्यांना ओळखते, त्याचे वावडे टिकून राहते. कुक व सॅम्पसन (१९९७) आणि यार्विनेन प्रभृती (२००७) यांच्या कार्याने या उपपत्तीला आधार दिला. १८६ अमिनो आम्लांच्या ओव्होम्युकॉइडमधील काही ठरावीक तुकडे केवळ दीर्घस्थायी वावडे असलेल्या मुलांच्या रक्तरसाने ओळखले, ही यार्विनेन यांची नोंद महत्त्वाची आहे. परंतु या अभ्यासांतील रुग्णसंख्या लहान होती. शिवाय सरळ तुकड्यांविरुद्धचे प्रतिपिंड हे चिवट वावड्याचे कारण आहे की चिवट, म्हणजेच अधिक प्रबळ व बहुमुखी प्रतिसादाचे ते केवळ एक अंग आहे, हे अशा तुलनेवरून ठरू शकत नाही.

याहून साधा, पण अधिक भरवशाचा पुरावा शेक व सहकाऱ्यांनी २००४ मध्ये दिला. अंड्याचे वावडे असलेल्या ६६ मुलांपैकी २८ मुक्त झाली आणि ज्यांच्या रक्तातील अंडेविशिष्ट आयजीई जितक्या वेगाने घसरले, तितकी त्यांची मुक्त होण्याची शक्यता वाढली. येथे एका क्षणीच्या पातळीपेक्षा कालौघातील घसरणीला महत्त्व आहे. नैसर्गिक सुटकेचे मर्म मूळ प्रतिसाद हळूहळू विरून जाण्यात असावे, अशी दिशा हा पुरावा दाखवितो.

३. विरणे आणि झाकले जाणे

येथेच प्रस्तुत चिकित्सेतील मुख्य मुद्दा उपस्थित होतो. नैसर्गिक सहिष्णुतेचे स्पष्टीकरण देताना बहुतेक परीक्षणलेख आयजीजी-४ या दुसऱ्या प्रतिपिंडाची वाढ आणि नियामक टी-पेशींचे कार्य यांवर भर देतात. या दोहोंविषयीचा पुरावा कोठून आला, हे तपासले असता तो बव्हंशी नैसर्गिक सुटकेच्या अभ्यासातून आलेला नाही, असे दिसून येते.

आयजीजी-४ विषयीचा पुरावा मुख्यत्वे मुखावाटे दिल्या जाणाऱ्या उपचारातून मिळाला. या उपचाराची कल्पना जुनी आहे. १९०८ मध्ये स्कोफील्ड यांनी लंडनमधील एका मुलाला अंड्याच्या दहा-हजारांश भागापासून आरंभ करून वाढत्या मात्रेच्या गोळ्या दिल्या व अखेरीस तो अंडे खाऊ लागल्याचे ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध केले. या पद्धतीचे काटेकोर परीक्षण बर्क्स व सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये केले. ५ ते ११ वर्षांच्या ५५ मुलांपैकी ४० जणांना अंड्याचे चूर्ण व १५ जणांना मक्याचा स्टार्च देण्यात आला. दहा महिन्यांनी उपचार घेणाऱ्यांपैकी ५५ टक्के मुले कसोटीस उतरली. स्टार्च घेणाऱ्यांपैकी एकही नाही. बावीस महिन्यांनी यशाचे प्रमाण ७५ टक्क्यांवर गेले. यानंतर चूर्ण चार ते सहा आठवडे बंद ठेवून पुन्हा कसोटी घेतली, तेव्हा ४० पैकी केवळ ११ मुले, म्हणजे २८ टक्के, टिकून राहिली. त्वचाचाचणीतील लहान फोड आणि आयजीजी-४ मधील वाढ यांचा या अखेरच्या यशाशी संबंध आढळला.

या प्रयोगाचे खरे शिक्षण ७५ आणि २८ यांमधील अंतरात आहे. खंड न पडता रोज खाल्ले तर सोसते, काही आठवडे थांबताच पूर्ववत होते, ही अवस्था सहिष्णुता नव्हे. ती वावड्यावर घातलेले झाकण होय. शेंगदाण्याच्या उपचारातून निर्माण होणारे आयजीजी प्रतिपिंड मास्ट पेशींवरील निरोधक ग्राहकांमार्फत प्रतिक्रिया दाबतात, असे बर्टन प्रभृतींनी २०१४ मध्ये दाखविले. त्यावरून झाकणाची यंत्रणाही बऱ्याच अंशी कळते. परंतु झाकण असणे याचाच अर्थ त्याखाली काही शिल्लक असणे. सहाव्या-सातव्या वर्षी वावडे सुटलेले मूल सुटीत महिनाभर अंडे न खाताही पुन्हा निर्धास्त खाते. त्याला झाकणाची गरज उरलेली नसते. या दोन अवस्थांना एकच नाव देणे म्हणजे कर्ज फिटणे आणि कर्जाचा हप्ता वेळेवर भरणे यांत भेद न करणे होय.

आयजीजी-४ च्या बाबतीत आणखी एक सावधगिरी आवश्यक आहे. कोणतेही वावडे नसलेल्या माणसाच्या रक्तातही नित्याच्या अन्नाविरुद्ध हे प्रतिपिंड आढळते. ते मुख्यतः त्या अन्नाशी झालेल्या परिचयाची खूण आहे. म्हणूनच अन्नाच्या वावड्याचे निदान या प्रतिपिंडावरून करू नये, असा स्पष्ट अभिप्राय युरोपीय अॅलर्जी व प्रतिरक्षाविज्ञान अकादमीच्या कार्यगटाने २००८ मध्ये दिला.

नियामक टी-पेशींच्या बाबतीत पुराव्याची उसनवारी अधिकच ठळक आहे. नैसर्गिक सुटकेत या पेशींचा सहभाग असल्याचे सांगताना कार्लसन व सहकाऱ्यांचा २००४ मधील अभ्यास नेहमी आधारास घेतला जातो. तो अभ्यास उत्तम आहे. परंतु तो गाईच्या दुधाच्या वावड्याचा आहे, आणि तोही आयजीईशी संबंध नसलेल्या प्रकाराचा. तेथील निष्कर्ष अंड्याच्या आयजीईजन्य वावड्यास लागू पडणे शक्य आहे; तथापि शक्यता आणि सिद्धता यांतील अंतर अवतरणांच्या संख्येने भरून निघत नाही.

४. भाजलेले अंडे : कारण की लक्षण?

या गोंधळाचे प्रत्यक्ष परिणाम भाजलेल्या अंड्याविषयीच्या वादात दिसतात. न्यूयॉर्क येथील लेमन-म्यूले व सहकाऱ्यांनी २००८ मध्ये ११७ मुलांची पाहणी केली. त्यांपैकी ६४ मुले केकसारख्या भाजलेल्या पदार्थातील अंडे सोसू शकली, २७ मुलांना त्यानेही त्रास झाला, तर २३ मुले साधे अंडेही पचवू लागली होती. भाजलेले अंडे नियमाने खाणाऱ्यांत त्वचाचाचणीतील फोड लहान झाले आणि आयजीजी-४ वाढले. त्याच केंद्रातील लेनर्ड व सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये असे प्रतिपादिले की, भाजलेले अंडे सोसणारी व आहारात घेणारी मुले साधे अंडेही लवकर पचवू लागतात : ५० महिन्यांच्या मध्यक वयात, तुलनेच्या गटात मात्र ७८.७ महिन्यांत. यावरून भाजलेले अंडे हे सहिष्णुता त्वरेने आणणारे औषध होय, अशी समजूत पसरली.

परंतु तुलनेचा तो गट चिठ्ठ्या टाकून निवडलेला नव्हता. भाजलेले अंडे सोसू शकणारे मूल मुळातच सौम्य प्रकृतीचे असते. त्याचे वावडे लवकर सुटले, तर श्रेय केकचे की प्रकृतीचे? ऑस्ट्रेलियातील नेटिंग व सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये ४३ लहान मुलांवर यादृच्छिक निवडीचा प्रयोग केला, तेव्हा भाजलेले अंडे देणाऱ्या गटात सुटकेची गती वाढल्याचे दिसले नाही. किम प्रभृतींनी २०२० मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात भाजलेले अंडे सोसणाऱ्या मुलांचे दोन गट केले. दोन वर्षांनंतर, उपचारात खंड पाडूनही टिकणारी अवस्था भाजलेल्या अंड्याच्या गटात ११.१ टक्के व अंड्याच्या चूर्णाच्या गटात ४३.५ टक्के मुलांत आढळली. पहिला प्रयोग आकाराने लहान आहे आणि दुसऱ्यातील मुले वयाने मोठी होती, हे खरे. म्हणून भाजलेल्या अंड्याचा काहीच उपयोग नाही, असे म्हणणे उतावीळपणाचे ठरेल. एवढे मात्र निश्चित की, जे शुभलक्षण होते त्याला कारणाचे पद पुरेशा पुराव्याविना बहाल केले गेले.

याच वादातून ‘नैसर्गिक’ या विशेषणाचाही ठिसूळपणा उघड होतो. मेलबर्नच्या अभ्यासात भाजलेले अंडे वारंवार खाणाऱ्या अर्भकांचे वावडे अधिक प्रमाणात सुटले, असे २०१४ मध्ये नोंदविले गेले. ज्या समाजात बिस्किटे, केक, नूडल्स यांतून अंडे नकळत पोटात जाते, तेथील मुलाची सुटका कितपत ‘आपोआप’ झाली आणि कितपत त्या नकळत चाललेल्या अल्पमात्रेच्या आहाराने घडविली, हे वेगळे करणे कठीण आहे. १९११ मध्ये वेल्स यांनी गिनी-पिगना अंड्याचे प्रथिन खाऊ घालून ते त्या प्रथिनाच्या टोचणीस प्रतिक्रिया देईनासे होतात, असे दाखविले होते. आहार हाच सहिष्णुतेचा एक शिक्षक आहे, हे ज्ञान शास्त्राला शतकाहून अधिक काळ आहे. तरीही पथ्य पाळणाऱ्या आणि न पाळणाऱ्या मुलांना एकाच ‘नैसर्गिक क्रमा’खाली मोजले जाते.

५. प्रतिबंधाचे प्रयोग व त्यांची शिकवण

अर्भकावस्थेत अंडे देऊन वावडे टाळण्याच्या प्रयोगांतही द्रव्याचे रूप, मात्रा आणि वेळ यांचे महत्त्व दिसून आले. जपानमधील नात्सुमे व सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात इसब असलेल्या अर्भकांच्या त्वचेवर नीट उपचार करून, सहाव्या महिन्यापासून ५० मिलिग्रॅम आणि नवव्यापासून २५० मिलिग्रॅम तापविलेल्या अंड्याचे चूर्ण रोज दिले. वर्षाच्या वयाला वावडे ८ टक्के मुलांत आढळले. तुलनेच्या गटात ते ३८ टक्के होते. त्याच वर्षी जर्मनीतील बेलाख प्रभृतींच्या प्रयोगात निर्जंतुक केलेले पण न शिजविलेले बलकचूर्ण वापरले गेले. तेथे लाभ आढळला नाहीच. उलट, चार ते सहा महिन्यांच्या वयातच रक्तात प्रतिपिंड असलेल्या ज्या १७ अर्भकांना कसोटी लावली, त्यांपैकी १६ जणांना प्रतिक्रिया आली. अर्थात जे वावडे जडलेच नाही ते ‘सुटणे’ शक्य नाही. म्हणून प्रतिबंधाच्या यशाला सहिष्णुतेच्या पुनःप्राप्तीचा पुरावा मानणे अयोग्य होय. सहा महिन्यांपूर्वीच काही अर्भके प्रतिपिंडयुक्त असतात, ही जर्मन प्रयोगातील नोंद तर ‘नैसर्गिक क्रमा’चा आरंभ कोठे मानावा, हा प्रश्नच नव्याने उपस्थित करते.

६. उपसंहार

हा संज्ञांचा वाद केवळ शब्दांपुरता नाही. ‘मोठे झाल्यावर सुटेल’ या आश्वासनावर एखाद्या घरात वर्षानुवर्षे पथ्य पाळले जाते व मूल कसोटीविनाच राहते. त्याचे वावडे कदाचित कधीच सुटलेले असते आणि स्वस्त व उत्तम प्रथिनाला ते विनाकारण मुकते. दुसऱ्या घरात उपचाराने केवळ झाकलेले वावडे सुटले असे समजून नित्याच्या मात्रेत खंड पाडला जातो आणि पुढील घास घातक ठरतो. या दोन्ही चुकांचे मूळ एका शब्दाच्या ढिलाईत आहे.

भारतीय संशोधकांना या चर्चेत विशेष कर्तव्य आहे. भारतासह अनेक देशांतील शालेय मुलांच्या आंतरराष्ट्रीय पाहणीत, जिचा वृत्तांत २०२० मध्ये प्रसिद्ध झाला, आपल्याकडील अन्नाच्या वावड्याचे प्रमाण एक टक्क्याहून पुष्कळ कमी दिसले. परंतु ती मुले सात ते दहा वर्षांची होती. अंड्याचे वावडे अर्भकावस्थेत जडून शाळेत जाण्यापूर्वीच बहुतांशी सुटत असेल, तर त्या वयातील पाहणीच्या दृष्टीस ते पडणारच नाही. शिवाय ज्या घरात अंडे मुळीच शिजत नाही, तेथील मुलास वावडे आहे की नाही, हे खाण्याची वेळ येईपर्यंत कळण्याचा मार्ग नाही. अशा मुलाला ‘सहिष्णु’ म्हणणे जितके निराधार, तितकेच रक्तातील थोड्याशा आयजीईवरून त्याला ‘रुग्ण’ ठरविणेही निराधार. जन्मापासून अनुसरलेल्या, आहाराची काटेकोर नोंद ठेवणाऱ्या आणि प्रत्यक्ष कसोटीवर आधारलेल्या अभ्यासाचीच येथे उणीव आहे.

तूर्त एवढे तरी मान्य व्हावे की, ‘सहिष्णुता’ हा शब्द वापरणाऱ्या प्रत्येक लेखाने तीन गोष्टी सांगणे आवश्यक आहे : मूल कोणत्या कसोटीने वावडे असलेले ठरले, मधल्या काळात त्याच्या पोटात अंडे कोणत्या रूपात व किती गेले, आणि खंड पाडल्यानंतरही त्याने अंडे सोसले काय. या तीन प्रश्नांची उत्तरे असतील तर बारा, एकोणपन्नास व एकोणनव्वद हे आकडे परस्परांशी भांडणार नाहीत. प्रत्येक आकडा कोणत्या मुलांविषयी बोलतो, ते वाचकाला कळेल. विरून गेलेले वावडे आणि झाकलेले वावडे यांची सरमिसळ थांबली, तरच नियामक पेशी व प्रतिपिंड यांविषयीचा पुढील शोध योग्य प्रश्नापासून सुरू होईल.